दीपमालेचे उपास

नाशिकजवळच्या मखमलाबादच्या मळ्यांमध्ये त्या वर्षी दोन गोष्टींचं कौतुक चाललं होतं. एक खंडेरावांच्या शेवंतीचं आणि दुसरं त्यांच्या लेकीच्या, दीपमालेच्या, उपासांचं. शेवंती रस्त्यावरूनही दिसायची. उपास काही दिसत नसतात, म्हणून ते पोरीची आई चंद्रभागाबाई बोलून दाखवायच्या. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मध्येच चतुर्थी यायची, एकादशी यायची. श्रावणात पोरीने शुक्रवारही धरला. उरलेल्या वारांनी काय घोडं मारलं होतं कोण जाणे. बरं, हा तुमच्याआमच्यासारखा उपासही नव्हे, की साबुदाण्याची खिचडी हाणली, वर शेंगदाण्याची आमटी प्याली आणि ढेकर देत देवाचं नाव घेतलं. हिचा निरंकार. घोटभर पाणी आणि फार तर बिनसाखरेचा चहा.

"एवढ्याशा वयात लय कडक करती माझी पोर," चंद्रभागाबाई विहिरीवर सांगायच्या. शेजारणी हात जोडायच्या आणि घरी जाऊन आपापल्या पोरींना बोल लावायच्या. पोरीची गालफडं बसली, मनगटं काटकुळी झाली, तरी सगळ्यांना ते तपाचं तेजच वाटत होतं. राग येतो तो याचाच. त्याच पोरीने ताप आला म्हणून दोन घास कमी खाल्ले असते तर याच बायकांनी तिची दृष्ट काढली असती.

दीपमाला देवासाठी काहीच करत नव्हती. ती नाचासाठी करत होती.

नाच तिच्या आयुष्यात आला तो हारांच्या पाटीमागून. खंडेराव पहाटे एम-एटी गाडीवर माल लादून सराफ बाजारातल्या फुलबाजारात न्यायचे. एका गुरुपौर्णिमेला पंचवटीत सुवर्णाताईंच्या कथकच्या वर्गाला हार हवे होते, म्हणून ते तिकडे गेले. नव्वद-एक्याण्णव साल असेल. दहा-अकरा वर्षांची दीपमाला मागे बसली होती. हार देऊन झाले तरी ती दारातून हलेना. आत मुली तत्कार करत होत्या, आणि बाहेर पायरीवर हिचे चिखलाने भरलेले पाय तोच ठेका धरत होते. सुवर्णाताईंनी आधी ते पाय पाहिले, मग चेहरा. "हिला उद्यापासून पाठवा," त्या म्हणाल्या. त्या काही विचारत नव्हत्या, सांगत होत्या.

घरात मोठी खडाजंगी झाली. खंडेरावांची थोरली बहीण कुसाबाई विधवा होऊन माहेरी परतली होती, आणि घराच्या अब्रूची राखण आपल्याकडे आहे असं धरून चालायची. "आपल्यात नाचाया कोण गेलंय कधी?" ती म्हणाली. खंडेरावांनाही कथक म्हणजे नेमकं काय हे कुठे ठाऊक होतं? पण लेकीचे पाय त्यांनीही पाहिले होते. जेवता जेवता त्यांनी निकाल दिला. "शिकू दे. पन ज्या दिवशी लोकांनी बोट दाखवलं, त्या दिवशी घुंगरं हिरीत."

दीपमालेने ते वाक्य घासाबरोबर गिळलं आणि कधी विसरली नाही. वर्गाला जाताना मान खाली आणि येताना मान खाली. आठ वर्षं तिने कुणाला बोट दाखवायला जागा दिली नाही. सकाळी फुलं तोडायची, दुपारी शाळा, पुढे कॉलेज, मग पंचवटी आणि दिवेलागणीला ओट्यावर बसून हार ओवायचे. क्रेट उचलून दंड भरले होते, बांधावरून धावून पोटऱ्या घट्ट झाल्या होत्या. याच पोटऱ्यांच्या जोरावर तिचा तत्कार असा वाजायचा, की तबल्यावर साथ करणारा जीवन मान डोलवायचा.

आणि मग अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात दुसरं एक वाक्य आलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी कालिदास कलामंदिरात नृत्यमहोत्सव व्हायचा होता. त्यात वर्गातल्या एकाच मुलीला एकल नृत्य सादर करायला मिळणार होतं. पोशाखाची मापं चालली होती. सुवर्णाताईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या कमरेचा कपडा मुठीत धरून म्हणाल्या, "तत्कार सोन्यासारखा आहे गं तुझा. पण अंग पडलं शेतातलं. चक्करीत जड दिसतं. थोडी उतरलीस तर एकल तुझंच."

एवढंच. ताईंनी पुढच्या मुलीचं माप घेतलं. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

दीपमाला आरशासमोर उभी राहिली. तोवर तिला एकच अंग होतं. त्यानेच फुलं तोडायची आणि त्यानेच नाचायचं. त्या दिवशी तिला दोन दिसू लागली. एक मळ्यातल्या पोरीचं, जाडजूड, मागच्या ओळीतलं. दुसरं अजून व्हायचं होतं. पहिल्याला हाकलल्याशिवाय दुसरं येणार नाही अशी तिची खात्री पटली.

पण शेतकऱ्याच्या घरात भाकरी नको म्हणणं सोपं नसतं. कारण विचारतात, पोटावर हात ठेवून बघतात, वैद्याकडे नेतात. "वजन उतरवतेय" म्हटलं असतं तर कुसाबाई गावभर हसली असती. "उपास आहे" म्हटलं की मात्र सगळं घर बाजूला सरकतं. तिने पहिला सोमवार धरला आणि कुणीही एक शब्द विचारला नाही. इतका सोपा रस्ता सापडल्यावर कोण थांबतं? बिनउपासाच्या दिवशी ती आपली भाकरी पदराआड गोठ्यात न्यायची. गाय मात्र त्या वर्षी चांगली अंगाने भरली.

दिवाळीत पोशाख पुन्हा घालून बघितला तेव्हा तो कमरेत बोटभर सैल झाला होता. "बघ, कशी दिसतेस आता!" सुवर्णाताई टाळी वाजवून म्हणाल्या, आणि एकल तिला मिळालं. त्या टाळीवर दीपमाला महिनाभर जगली.

मग शरीराने हिशेब मागायला सुरुवात केली. वेणी विंचरताना कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले. माघ सरून ऊन तापायला लागलं तरी तिला स्वेटर लागायचा. चक्कर घेताना नजर समोरच्या खुणेवर ठरेना, भिंती फिरल्यावरही फिरतच राहायच्या. उजव्या नडगीत एक ठणका बसला होता. तो आधी नाचताना यायचा, मग चालताना, मग नुसतं बसल्यावरसुद्धा. ती पट्टी बांधायची आणि वरून घुंगरू बांधायची. महोत्सव झाला की खाऊ, असं ती स्वतःला समजावायची. आणखी एक गोष्ट झाली होती, पण तिचं तिला उलट बरंच वाटलं होतं. कटकट गेली, असंच तिला वाटलं होतं.

नेमकी तीच तिच्या गळ्याशी आली.

त्या घरात पाळीचे दिवस लपत नसत. फुलं देवळात जायची, म्हणून अडचणीतली बाई चार दिवस त्यांना हात लावायची नाही. मागच्या पडवीत बसायचं, ताट तिकडेच यायचं. संध्याकाळी ओट्यावर हार ओवायला कोण नाही, एवढं पाहिलं की घरादाराला कळायचं. महोत्सवाच्या आधीच्या रविवारी दीपमाला गोठ्यात गाईला भाकरी चारत होती, तेव्हा भिंतीपलीकडे कुसाबाईचा आवाज आला.

"चंद्रभागे, दिवाळीपासनं ही पोर एकदा तरी बाजूला बसली का गं? रोज हार ओवती. एका दिवसाचा खंड नाय."

"उपासांनी पुढंमागं झालं आसंल, वन्सं."

"चार महिनं? मला येडी समजती का? तो तबलेवाला जीवन परवा इला स्कूटरवर सोडाया आला व्हता. खंडूला मी सांगू, का तू सांगती?"

भाकरी दीपमालेच्या हातातच राहिली, गाय ती ओढू लागली.

खरं सांगावं तर काय सांगायचं? मला दिवस गेलेले नाहीत, मी जेवत नाही म्हणून हे झालंय, असं? म्हणजे सगळे उपास खोटे होते. देवाच्या नावावर आईला महिनोन्महिने फसवलं, तिला गावात मिरवू दिलं. वर दवाखाना, आणि दवाखान्यात नडगी दिसली की शनिवारचा कार्यक्रम गेला. न सांगावं तर बोट दाखवलं गेलंच होतं, तेही घरातल्याच माणसाने, आणि वडिलांचा, अण्णांचा, शब्द तिला पाठ होता.

घाबरलेल्या माणसाला खोटंच आधी सुचतं. मंगळवारी सकाळी दीपमाला गोधडी घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसली. "मला कावळा शिवलाय," तिने आतल्या दिशेने सांगितलं. चौथ्या दिवशी न्हाऊन मोकळी, आणि शनिवारी कालिदासला. तिला वाटलं, बेत चोख आहे.

चंद्रभागाबाईंनी इतक्या जोरात श्वास सोडला की पडवीपर्यंत ऐकू आला. त्यांनी देवाजवळ दिवा लावला. दोन दिवस घरात बरं गेलं. पोरीचं ताट पडवीत यायचं आणि जवळच्याच गोठ्यात रिकामं व्हायचं. पण आपण राहतो त्याच घरातल्या बायकांना फसवायला निघालेली ही पोर एक गोष्ट साफ विसरली होती. न्हाणीतल्या फळीवर पत्र्याच्या डब्यात जुन्या लुगड्याची धुतलेली कापडं असायची, सगळ्या बायकांची. गुरुवारी कुसाबाईने डबा उतरवला. झाकणावर धूळ तशीच होती, आतल्या घड्या तशाच होत्या. तिने पडवीतल्या गोधडीवर, दीपमालेच्या समोर, तो डबा आदळला.

"कावळा शिवला न्हवं? मंग कापडं कुठंयत? धुतली कुठं? वाळत कुठं घातली?"

तोवर जो नुसता संशय होता त्याला आता दीपमालेनेच पुरावा दिला होता. खंडेराव बाजारातून नुकतेच आले होते. कुसाबाईने त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. खुंटीवरची घुंगरांची पिशवी त्यांनी काढली आणि ते मळ्याकडे चालू लागले.

"अण्णा! अण्णा, नका!" दीपमाला अनवाणी धावली. बांधावर पोचली तोच विहिरीतून आवाज आला, जड आणि लहानसा. पुढचं पाऊल टाकताना नडगीत काहीतरी कडकन झालं आणि ती शेवंतीच्या वाफ्यात आडवी झाली.

मागून आलेल्या चंद्रभागाबाईंनी तिला उचललं. त्या रागाने आल्या होत्या, दोन थोबाडीत द्यायच्याच बेताने आल्या होत्या. पण पोरीला उचललं आणि त्यांचे हात थबकले. शेवंतीचा भरला क्रेट याहून जड असतो. त्यांनी परकराच्या नाडीवरून हात फिरवला. पोट पाठीला लागलं होतं. बाळंतपण सोसलेल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

"वन्सं," त्या तिथूनच म्हणाल्या, आणि त्या घरात त्यांचा आवाज पहिल्यांदाच एवढा चढला. "पोटुशी बाई आशी नसती. हिच्यात काय राह्यलंच नाय."

पंचवटीतल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, लघवी तपासली, पायाचा फोटो काढायला लावला. मग दीपमालेला विचारलं, "पोटभर शेवटचं कधी जेवलीस?" तिला आठवेना. आठवेना म्हणून ती रडू लागली.

"बाई," डॉक्टर चंद्रभागाबाईंना म्हणाल्या, "हिला दिवस गेलेले नाहीत. ही उपाशी आहे. अंगात द्यायला काही उरलं नाही, म्हणून पाळी थांबली. आणि नडगीचं हाड चिरलंय, त्यावर ही नाचत होती."

चंद्रभागाबाईंनी आधी हात जोडले. अब्रू वाचली होती. मग त्यांना बाकीचं वाक्य कळलं. "उपाशी? आमच्या घरात? आमच्यात रोज मजुरांसकट दहा-बारा ताटं वाढते मी," त्या म्हणाल्या. ज्या उपासांची फुशारकी त्यांनी विहिरीवर मारली होती, ते सगळे एकदम त्यांच्या अंगावर कोसळले.

शनिवारी कालिदासला दुसरीच मुलगी नाचली. दीपमाला पायाला प्लास्टर घालून खाटेवर पडून होती. एकल गेलं, घुंगरू गेले, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे खायला बसलं तरी घास जाईना. आरशातली ती जाडजूड पोर परत येईल या भीतीने हात ताटातच राहायचा.

चंद्रभागाबाई रागावल्या नाहीत. सोमवारी त्यांनी स्वतःचं ताट घेतलं नाही. "तुझा सोमवार मी घेतला," त्या म्हणाल्या. "देवाला बोललेलं मधी सोडता येत नाय. तू खा, मी करते." मग गुरुवार घेतला, शुक्रवार, शनिवार, चतुर्थी. तशाच निरंकार. आणि वर खुरपणी, तोडणी, मजुरांच्या भाकरी. दीपमाला खाटेवरून बघत होती. पंधरा-वीस दिवसांत आईचा चेहरा उतरला. एका शनिवारी भर उन्हात चंद्रभागाबाई डोकं धरून वाफ्यात खाली बसल्या आणि त्यांना उठता येईना.

दीपमाला भिंतीला धरून, एका पायावर लंगडत तिथवर गेली. "आई, सोड गं हे. मी देवाला काही बोललेच नव्हते. सगळं खोटं होतं. मला बारीक व्हायचं होतं."

"ठावं हे मला. डॉक्टरीण बोलली तव्हाच कळलं."

"मग तू कशाला करतेस?"

"तू खोटं केलं. ते कुणीतरी खरं कराया नको?" चंद्रभागाबाईंनी घाम पुसला. "आन मलाबी कळू दे की, माझ्या लेकीला एवढं दिवस काय व्हत व्हतं."

त्या दुपारी दोघींनी एका ताटात खाल्लं. दीपमालेने अर्धी भाकरी रडत रडत संपवली. चंद्रभागाबाईंनी बाकीचे वार सोडले, गुरुवार मात्र ठेवला. "हा एक राहू दे. तू आता खाती, पन मी म्हणते म्हणून खाती. ज्या दिवशी आपल्या तोंडानं 'आई, भूक लागली' म्हणशील, त्या दिवशी हा सोडीन."

पाठोपाठ सुवर्णाताई येऊन गेल्या. त्यांना आपलं वाक्य आठवत नव्हतं. दीपमालेने ते अक्षरशः म्हणून दाखवलं तेव्हा त्या वेताच्या मोड्यावर खाली बसल्या. "माझ्या गुरूंनी मला हेच म्हटलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "तेव्हापासून मी भात खाल्लेला नाही. बावीस वर्षं झाली." चंद्रभागाबाई आत गेल्या आणि वाफाळत्या भाताचं ताट घेऊन आल्या. "मंग ताई, आज खावा." ताईंनी नको म्हणून पाहिलं, पण त्या ताटासमोर त्यांचं काही चाललं नाही.

चैत्रात विहिरीचं पाणी तळाला गेलं. खंडेरावांनी गळ टाकून पाहिला, काही लागेना. मग दोर धरून ते स्वतः उतरले. चिखलाने माखलेली पिशवी त्यांनी लेकीच्या खाटेजवळ ठेवली आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "लोकांनी कुणी बोट दाखवलं नव्हतं. पहिलं मीच दाखवलं." कुसाबाईने माफी वगैरे मागितली नाही, ते तिच्या स्वभावातच नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी ती चिंच घेऊन ओट्यावर बसली आणि एकेक घुंगरू लखलखेपर्यंत घासत राहिली. चंद्रभागाबाईंनी हारांना मारतात तसल्या गाठी मारून ते नव्या दोरीत ओवले.

पाय बरा व्हायला पावसाळा गेला. अंग भरायला त्याहून जास्त दिवस गेले, आणि मनाचं तर विचारूच नका. पाळी परत आली त्या दिवशी पडवीत बसलेल्या पोरीला कुसाबाईने स्वतः शिरा नेऊन दिला. पण ताटाशी बसलं की दीपमाला अजून औषध घ्यावं तशी खायची. गुरुवार येत राहिले, चंद्रभागाबाई पाण्यावर राहत राहिल्या, आणि प्रत्येक गुरुवारी दीपमालेला वाटायचं, नुसतं म्हणून टाकावं. पण आता आईशी खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरी भूक येत नव्हती.

दोन हजार एकच्या महोत्सवात सुवर्णाताईंनी तिला सकाळच्या सत्रात एकल दिलं. पोशाख तिच्या मापाचा नवा शिवला. पोटऱ्या परत घट्ट झाल्या होत्या, दंड भरले होते. तत्कार सुरू झाला आणि तिला जाणवलं, की हे बांधावरचेच पाय आहेत, दुसरे कुठले नव्हेतच. चकरांना सुरुवात झाली. नजर ठरेल का? पाय टिकेल का? नजर ठरली. शेवटच्या चकरीनंतर ती समेवर आली ती अशी खणखणीत, की जीवन तबला सोडून हसला.

घरी पोचायला दुपार झाली. चंद्रभागाबाई ओट्यावर झेंडू ओवत होत्या. दीपमालेने घुंगरांची पिशवी खुंटीला लावली, तोंडावर पाणी मारलं आणि काही विचार न करता म्हणाली, "आई, लय भूक लागलीय. काय हे खायला?"

सुई थांबली. "काय म्हणली?"

"भूक लागलीय. वाढ ना पटकन."

चंद्रभागाबाई उठल्या. त्यांनी चुलीपुढे दोन ताटं मांडली, दोन्हींत भाकरी ठेवली, पिठलं वाढलं. कुसाबाई दारातून म्हणाली, "अगं, गुरुवार न्हवं का तुझा आज?"

"व्हता," चंद्रभागाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "फिटला." त्यांनी भाकरी मोडली आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला.

समोर दीपमालेचं अर्धं ताट संपलंही होतं.